मेलबर्नच्या कॅफेतला नाश्ता आणि भूममधलं कॉफीचं गणित



मेलबर्नचा व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला आणि त्यात आकडे फार घाईत गेले. बऱ्याच जणांनी फोन करून सांगितलं की सर, गणित परत एकदा सावकाश लिहून द्या. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसलात तर बरं होईल.

आधी हा विषय का आला ते सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी ताईकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. ती आणि दाजी मेलबर्नच्या बाहेर टार्निट भागात राहतात. तिथे पोहोचून दोनच दिवस झाले होते आणि आपल्या बॅचच्या एका मुलाचा फोन आला. वालवडकडचा आहे, वय सव्वीस. म्हणाला, "सर, भूममध्ये स्पेशल्टी कॉफीचा कॅफे टाकतोय. जागा बघितली. मशीनवाला म्हणतोय शनिवारपर्यंत एक लाख ॲडव्हान्स द्या, नंतर रेट वाढणार. आई पाटल्या ठेवायला तयार आहे. देऊ का?"

मी विचारलं, "तू स्पेशल्टी कॉफी कुठे प्यायलास?"

"पुण्यात, दोनदा. आणि रील्स बघितल्यात लई."

त्याला म्हणालो, चार दिवस थांब. शनिवार गेला तर जाऊ दे, मशीन कुठं पळून जात नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या धंद्याबद्दल व्हिडिओंइतकीच माहिती होती. त्यामुळे रविवारी ताईने "चल, शहरात नाश्ता करू" म्हटल्यावर मी वही खिशात घालून निघालो. टार्निट स्टेशनवरून रेल्वे, सदर्न क्रॉसला उतरलो, तिथून पायी. डिग्रेव्हज स्ट्रीटच्या आसपास अरुंद गल्ल्या आहेत, आपल्या जुन्या पेठेतल्या बोळासारख्या, आणि प्रत्येक बोळात कॅफे. त्यातल्याच एकात शिरलो. दुकान केवढं? माझ्या दुकानापेक्षा चार फूट रुंद असेल, जास्त नाही.

आता पहिलं निरीक्षण. फळ्यावर कॉफीचे प्रकार मोजून सात. खायचे पदार्थ नऊ. बस. आपल्याकडे नवीन कॅफे उघडला की मेनू कार्ड बारा पानांचं, त्यात पिझ्झा, मंचुरियन, मोमो, थिक शेक, सगळं. एवढं सामान ठेवायला फ्रीज लागतो, त्यातलं निम्मं खराब होतं आणि कुठलाच पदार्थ धड हाताला बसत नाही. तिथे नऊ पदार्थांपैकी सहा पदार्थांत तोच एक पाव वापरलेला होता, जाड सालीचा, आंबवलेल्या पिठाचा. त्यावर कधी मशरूम, कधी कुस्करलेला अवोकाडो, कधी अंडी. बेस एक, वरचं बदलतं. दाजी म्हणाले, पाव हे लोक स्वतः करत नाहीत, बेकरीतून सकाळी येतो.

मी दोन प्रकारची कॉफी मागवली. ताई-दाजींना फ्लॅट व्हाइट, म्हणजे दुधाची, वर पातळ फेस असलेली. मला फिल्टर, दुधाशिवाय. काउंटरवरच्या मुलीने पिशवी दाखवली. त्यावर लिहिलं होतं: इथिओपिया, यिर्गाचेफ, उंची १,९०० मीटर, धुतलेली, आणि भाजल्याची तारीख. तारीख अकरा दिवसांपूर्वीची होती. तिने दाणे काट्यावर मोजले, दळले, पाणी ओतताना कप काट्यावरच ठेवला होता. सोनाराकडे बसल्यासारखं वाटलं मला.

पहिला घोट आवडला नाही. व्हिडिओत मी हे बोललो नव्हतो, इथे बोलतो. लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहासारखी आंबट, पातळ. मुलीने माझं तोंड बघितलं असणार. ती येऊन म्हणाली, जरा गार होऊ द्या, मग प्या. पाच-सात मिनिटांनी प्यायलो तर चव खरोखर बदलली होती, गोडसर लागत होती. तरीही मी रोज पिईन असं नाही. पण तुम्ही हे लक्षात घ्या: जिला मी दोन मिनिटांपूर्वी ओळखत नव्हतो, तिने न चिडता, न शिकवल्याचा आव आणता मला माझ्याच कपाबद्दल एक गोष्ट सांगितली. आणि ग्राहक म्हणून मी त्या कपाबरोबर सात मिनिटं जास्त बसलो.

बिल आलं. हिशेब असा. दोन फ्लॅट व्हाइट साडेपाच डॉलरप्रमाणे ११, फिल्टर ७, मशरूम टोस्ट २४, अवोकाडो टोस्ट २३. एकूण ६५ डॉलर. त्यावर रविवारचा १० टक्के जादा आकार, कारण तिथे सुटीच्या दिवशी कामगाराला जास्त पगार द्यावा लागतो आणि बरेच कॅफे तो असा वसूल करतात. झाले साडेएकाहत्तर. तेव्हा डॉलर साधारण ५६ रुपये होता. म्हणजे चार हजार चार रुपये. तिघांचा नाश्ता! ताई म्हणाली, "रुपयात मोजू नको रे, जेवण जाणार नाही." पण आपण दुकानदार, मोजल्याशिवाय राहतो का?

आता ६५ डॉलरकडे परत बघा. कॉफीचे १८, खाण्याचे ४७. कॅफेचं नाव कॉफीवर चालतं, पण रविवारच्या गल्ल्यात पावणेतीन हिस्से कॉफीचे असतील तर सव्वासात हिस्से पावाचे. रील्समध्ये तुम्हाला दुधावर काढलेलं पान दिसतं, पाव दिसत नाही.

पण माझं समाधान झालं नाही. रविवारचं गिऱ्हाईक हे जत्रेतलं गिऱ्हाईक. धंदा मंगळवारी कळतो. म्हणून मंगळवारी सकाळी एकटाच परत गेलो, साडेसात ते साडेआठ एक तास बसलो आणि वहीत रेघा मारल्या. पार्सल कप ६३. बसून खाणारे ९. काउंटरमागे तीन माणसं. बहुतेक लोक काही मागतच नव्हते, दारातून आत येताना मान हलवायचे आणि मुलगी कप हातात घ्यायची. रोजचं गिऱ्हाईक. ६३ कप गुणिले साडेपाच, म्हणजे तासाला साडेतीनशे डॉलरच्या आसपास. पगाराचं काय? २०२४ च्या जुलैपासून तिथलं किमान वेतन तासाला २४ डॉलर १० सेंट होतं, आणि कायम नसलेल्या कामगाराला त्यावर पंचवीस टक्के जादा, म्हणजे ३० डॉलर. तीन माणसांचे ९०. त्या एका तासात ते निघतात. पण दुपारी दोनला काय? म्हणूनच तिथले कॅफे सकाळी सातला उघडतात आणि तीनच्या सुमाराला शटर ओढतात. गर्दी नाही तर माणूस उभा करून ठेवणं परवडत नाही. आपल्याकडे सकाळी दहाला दुकान उघडून रात्री अकरापर्यंत माशा मारत बसणं याला आपण मेहनत म्हणतो.

ही सवय तिथे एका दिवसात लागलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून आणि ग्रीसमधून हजारो लोक मेलबर्नला स्थायिक झाले, त्यांनी एस्प्रेसो आणली. बर्क स्ट्रीटवरचा पेलेग्रिनीज हा एस्प्रेसो बार १९५४ पासून आहे. म्हणजे आजोबा, बाप, नातू अशा तीन पिढ्या ती कॉफी पितात. याचा उलटा पुरावाही आहे. स्टारबक्स २००० साली ऑस्ट्रेलियात आली, दणादण दुकानं टाकली आणि २००८ च्या जुलैमध्ये ८४ पैकी ६१ बंद करत असल्याचं जाहीर केलं. एवढी मोठी कंपनी, पैसा, जाहिरात, सगळं होतं. पण तिथल्या माणसाला त्याच्या गल्लीत त्याचं नाव माहीत असलेला कॉफीवाला आधीच होता. ही केस बीबीएच्या पुस्तकात मी वाचली होती, पण त्या मंगळवारी मान हलवणारी माणसं बघितली तेव्हा समजली.

स्पेशल्टी म्हणजे नेमकं काय, हेही दोन ओळींत. हा शब्द एर्ना क्नुट्सेन या कॉफी व्यापारी बाईंनी १९७४ मध्ये वापरात आणला. रूढ पद्धत अशी की जाणकार लोक कॉफी चाखून १०० पैकी गुण देतात आणि ८० किंवा त्याहून जास्त मिळाले तर ती स्पेशल्टी. हे ऐकून घाबरायचं कारण नाही. आपला शेतकरी रोज सकाळी डेअरीवर हेच करून घेतो. फॅट किती, एसएनएफ किती, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ लागला तर हा भाव, खाली गेला तर तो भाव. दर्जा मोजून भाव ठरवणं आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की आपल्याकडे दूध कॅनमध्ये ओतलं की कोणाचं होतं ते संपलं. तिथे दाण्याच्या पिशवीवर गाव, उंची, तारीख शेवटच्या कपापर्यंत जाते, आणि त्याचे जादा पैसे मिळतात.

आता भूम

त्याच रात्री ताईच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्या मुलाचं गणित केलं. व्हिडिओ कॉलवर तो होता, मागे त्याची आई बसलेली दिसत होती. तुम्हीही सोबत करा.

मशीन, ग्राइंडर, पाणी शुद्ध करायचं युनिट, फर्निचर मिळून त्याचा अंदाज साडेसहा लाख. पाच वर्षांचं कर्ज, १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता १४,४५९ रुपये. जागेचं भाडं ७,०००. लाइट ४,०००. एक पोरगा हाताखाली, १०,०००. किरकोळ २,५००. झाले जवळजवळ ३८,०००. आणि तुझा स्वतःचा पगार? तो म्हणाला, "सुरुवातीला नको सर." ही सगळ्यात महाग चूक, मित्रांनो. स्वतःचा पगार खर्चात धरला नाही की तोट्यातलं दुकानही नफ्यात दिसतं. मी १५,००० लिहिले. एकूण ५३,०००.

आता एक कप. दाणे होलसेलमध्ये किलोला १,८०० धरले. दुहेरी शॉटला १८ ग्रॅम लागतात, म्हणजे ३२ रुपये. दूध १६० मिली, ६० रुपये लिटरने साडेनऊ. साखर, कप पाच. साधारण ४७ रुपये नुसता माल. त्याची विक्री किंमत ९० ठरली होती. कपामागे राहतात ४३. आता ५३,००० भागिले ४३ केलं की १,२३३ कप. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर रोज ४८ कप. हे ४८ कप फक्त बरोबरीला यायला. त्याच्यावरचा ४९ वा कप हा नफा.

रोज ४८ माणसं, ९० रुपये, एका कपाला. जिथे स्टँडवर दहा रुपयांत चहा मिळतो तिथे. मिळतील का? मी "नाही" म्हटलं नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, मोज. तीन दिवस, त्यातला एक आठवडी बाजाराचा. स्टँडपासून तुझ्या जागेपर्यंतच्या सगळ्या दुकानांत एका पेयावर पन्नासच्या वर खर्च करणारी माणसं किती, लस्सी, ज्यूस, काहीही असो, रेघा मारत बस.

आणखी एक गोष्ट त्याला विचारली, जी मशीनवाल्याने विचारली नव्हती. पाणी कुठलं? बोअरचं. मेलबर्नचं पाणी जंगलातल्या राखीव धरणांतून येतं, अगदी मऊ. आपल्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरं पुट चढतं, तेच पुट मशीनच्या बॉयलरला चढणार. कॉफीसाठी पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावेत असा संकेत आहे. आपल्या बोअरचे किती, हे दोन-तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरने कळतं. आधी दोनशेचं मीटर, मग पाच लाखांचं मशीन.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. २०१८ मध्ये एका प्रदर्शनात बघून मी स्वतः एक लाख दहा हजारांचं कोल्ड कॉफीचं मशीन दुकानात आणलं होतं. पहिले पंधरा दिवस पोरांची गर्दी. दोन महिन्यांनी दिवसाला चार ग्लास. मग पंप गेला, विकणाऱ्याचा मेकॅनिक "येतो, येतो" म्हणत राहिला आणि आला नाही. दोन वर्षं त्यावर चादर घातलेली होती. शेवटी पस्तीस हजाराला दिलं. बायको अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आकडे: ३१, १९ आणि बाजाराच्या दिवशी ४४. सगळ्या दुकानांत मिळून. आणि त्याला रोज एकट्याला ४८ हवे होते, तेही अशा पेयाला जे भूममध्ये कोणी प्यायलेलं नाही. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आईचा आवाज आला, "मंग आता काय करावं म्हणता?"

बघा, इथे प्रशिक्षक म्हणून "कॅफे काढू नको" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण पोराला कॉफी खरंच आवडते, सकाळी पाचला उठतो, बोलायला गोड आहे. ही भांडवलाचीच बाजू आहे. मेलबर्नच्या त्या दुकानातून मशीन काढून टाकलं तर काय उरतं? छोटा मेनू, सकाळचे मोजके तास, रोजचं गिऱ्हाईक, काट्यावर मोजलेला कप, ताज्या मालाची तारीख आणि एक चांगला पाव. यातल्या कशालाच कर्ज लागत नाही.

मग आपला पाव कोणता? भूमच्या माणसाने हा प्रश्न विचारायचा असतो का? आपल्या तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या सिद्धक्षेत्राला येणारा भाविक पेढा घेतल्याशिवाय परत जात नाही. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे यिर्गाचेफच्या पिशवीवर गावाच्या नावाचं जे वजन आहे, तसं वजन आपल्या गावाच्या नावाला कागदावर मिळालंय. म्हशीच्या शंभर किलो दुधात २१ ते २३ किलो खवा निघतो, गाईच्या दुधात १७ ते १९, हे भट्टीवरच्या पोराला तोंडपाठ आहे. पण पुड्यावर काय लिहितो आपण? "शुद्ध पेढा." कुठल्या भट्टीचा, कोणत्या दुधाचा, कोणत्या तारखेचा, काही नाही. मी स्वतः माझ्या दुकानात अकरा वर्षं तसाच विकला, त्यामुळे बोट माझ्याकडेही आहे.

ठरलं ते असं. स्टँडजवळ त्याच्या मामांची चहाची टपरी आहे. तिच्या पुढ्यात एक टेबल, महिना दोन हजार मामांना, घरचं असलं तरी लिहून द्यायचे. स्टीलचे दोन मोठे दक्षिणी पद्धतीचे फिल्टर, किटली, काटा, पेले मिळून ४,२०० रुपये. एफएसएसएआयची नोंदणी. वेळ सकाळी साडेसहा ते दहा. दोनच वस्तू: फिल्टर कॉफी २५ रुपये, आणि आईच्या हातची खव्याची पोळी ३० रुपये. चिकमगळूरकडची भुकटी, चिकोरी मिसळलेली, किलोला ७००. कपाला दहा ग्रॅम म्हणजे सात रुपये, दूध सहा, साखर-कप दोन. राहतात दहा. पोळीला माल आणि गॅस धरून अठरा, राहतात बारा.

पहिल्या दिवशी ९ कप गेले, त्यातले तीन मामांचे आणि त्यांच्या मित्रांचे. चौथ्या दिवशी एक शिक्षक म्हणाले, कडू आहे. त्याने भांडण न करता दुसऱ्या दिवशी डिकॉक्शन कमी केलं आणि त्यांना बोलावून पाजलं. ते आता रोज येतात. तिसऱ्या आठवड्यात सरासरी ३४ कप आणि २० पोळ्या. म्हणजे दिवसाला ३४० अधिक २४०, पाचशे ऐंशी. सव्वीस दिवसांचे १५,०८०, मामांचे दोन हजार वजा. फार नाही. लाखांची भाषा करणाऱ्या रीलपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण यात कर्जाचा हप्ता शून्य आहे. आईची मजुरी मात्र त्याने धरलेली नाही, यावरून मी त्याला बोललो आहे. पोळी लाटायला पहाटे दोन तास जातात, ते फुकट नाहीत. ती लिहिली की आकडा अजून खाली येईल आणि तोच खरा आकडा असेल.

मशीनवाल्याचा रेट शनिवारनंतर वाढला नाही, उलट दोन आठवड्यांनी त्याने स्वतःच फोन करून आठ हजार कमी करतो म्हणून सांगितलं. पाटल्या आईच्या हातात आहेत, पोळ्या लाटताना काढून ठेवते म्हणे.

आता वहीत नवीनच गोष्ट दिसायला लागली आहे. वीस पोळ्यांपैकी सात-आठ पार्सल जातात. एसटीने पुण्याला निघालेली माणसं चार-चार मागतात. मग कॉफीपेक्षा पोळीच मोठी होणार का? होऊ शकेल. पण पाकिटावर तारीख टाकायची तर ती पोळी उन्हाळ्यात किती तास आणि थंडीत किती दिवस टिकते, हे आधी कळायला हवं, आणि ते आम्हाला दोघांनाही अजून माहीत नाही. गेल्या सोमवारी वीस पोळ्या वेगवेगळ्या पाकिटांत घालून माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवल्या आहेत, रोज एक उघडून बघतोय. त्याचं काय झालं ते पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तुम्ही तुमच्या धंद्याचा खर्च लिहा, त्यात स्वतःचा पगार लिहा, आणि रोजची किती गिऱ्हाईकं लागतात तो एक आकडा मला पाठवा.